आई-बाबांची परदेशवारी: बॅग भरण्यापासून सुरक्षा तपासणीपर्यंत

मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांच्या घरातले शेवटचे आठ दिवस मी फार जवळून पाहिले आहेत. व्हिसा हाती आल्याचा आनंद ओसरतो, दिवाणखान्यात दोन मोठ्या बॅगा उघड्या पडतात, आणि शेजारपाजारच्यांपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येक जण एक डबा आणि एक सल्ला घेऊन येतो. माझ्या आईच्या पहिल्या प्रवासात मुंबई विमानतळावरच्या काट्याने तिच्या एका बॅगेचे वजन साडेपंचवीस किलो दाखवले आणि दुसरीचे एकोणीस. दोन्ही मिळून वजन मर्यादेच्या आत होते, पण प्रत्येक बॅगेची मर्यादा स्वतंत्र असते हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. आईने बॅग तिथेच फरशीवर उघडली, साड्यांच्या घड्यांखालून लाडवांचा डबा आणि मसाल्याच्या पिशव्या बाहेर काढल्या, आणि मागची रांग थांबून पाहत असताना त्या दुसऱ्या बॅगेत कोंबल्या. तिच्या चेहऱ्यावरचा तेव्हाचा संकोच मी विसरलेलो नाही. हा प्रसंग घरच्या घरी टाळता आला असता, म्हणून ही सारी तयारी क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यावी. आपल्या सामानाला तीन ठिकाणी तोंड द्यावे लागते आणि तिन्ही ठिकाणची माणसे वेगवेगळ्या कारणासाठी ते तपासतात. विमान कंपनीच्या काउंटरवर वजन आणि आकार पाहिला जातो. सुरक्षा तपासणीत विमानाला धोका होईल असे काही आहे का, एवढेच पाहिले जाते. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या विमानतळांवर हे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. तिसरी तपासणी उतरल्यावर त्या देशाच्या सीमाशुल्क आणि कृषी खात्याची असते, आणि तिथे कीड, रोग, अमली पदार्थ यांची चिंता असते. एखादी वस्तू मुंबईहून सुखरूप गेली म्हणून ती शिकागोला चालेल असे नाही. म्हणून बॅगेत टाकायची प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिला तीन प्रश्न विचारावेत: वजनात बसते का, विमानात चालते का, आणि पोहोचल्यावर त्या देशात चालते का.

पहिली पायरी: नाव, कागद आणि विमानतळ

तिकिटावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदरी रीत असल्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो; कधी पतीचे नाव गाळले जाते, तर कधी आधार कार्डावर सासरचे आणि पासपोर्टावर माहेरचे आडनाव असते. परदेशप्रवासात पासपोर्टच प्रमाण मानला जातो, त्यामुळे तिकीट काढतानाच तो समोर उघडा ठेवावा. पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने असावी, कारण बरेच देश ती अट घालतात.

विमानतळाचे नावही आता नीट वाचावे लागते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे तिकिटावर नुसते मुंबई दिसले म्हणून सरळ सहारला जाऊ नये. गोव्याकडून निघणाऱ्यांना ही सवय एव्हाना लागली असेल. २०२३ पासून तिथे दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

ज्येष्ठांसाठी तिकीट, व्हिसा, प्रवास विमा, मुलाचा तिथला पत्ता आणि फोन क्रमांक हे सारे कागदावर छापून एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवावे. फोनमध्ये सर्व असतेच, पण सोळा-सतरा तासांच्या प्रवासानंतर फोनची बॅटरी संपलेली असते आणि इमिग्रेशनच्या खिडकीवर पत्ता नेमका तेव्हाच विचारला जातो.

दुसरी पायरी: वजन घरीच करणे

अमेरिकेच्या बहुतेक मार्गांवर साध्या वर्गाच्या प्रवाशाला प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात; आखाती देशांकडे जाताना बऱ्याचदा बॅगांच्या संख्येऐवजी एकूण वजन मोजले जाते. आपल्या तिकिटावर कोणता हिशेब लागू आहे हे तिकिटातच लिहिलेले असते आणि ते वाचल्याशिवाय बॅग भरायला घेऊ नये. जिथे बॅगांचा हिशेब असतो तिथे एकीचे वजन दुसरीच्या खात्यात धरले जात नाही. शिवाय २३ किलोत रिकाम्या बॅगेचे स्वतःचे वजनही आले. जुन्या कडक कवचाच्या मोठ्या बॅगा रिकाम्याच पाच किलोपर्यंत भरतात, म्हणजे जवळजवळ पाच किलो मसाला आणि कपडे घरीच राहिले असे समजावे.

वजनासाठी हुकाचा छोटा काटा बाजारात मिळतो. तो नसेल तर माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग बॅग उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. दोन काट्यांत फरक पडतोच, म्हणून २३ ची मर्यादा असेल तर घरी २२ वरच थांबावे. ज्यादा पैसे भरले तरी ३२ किलोपेक्षा जड बॅग सहसा घेतली जात नाही, कारण ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार त्या नियमामागे आहे.

भरताना दोघांच्या वस्तू दोन्ही बॅगांत वाटून ठेवाव्यात. आईची बॅग वेगळी आणि बाबांची वेगळी अशी रीत घरी बरी वाटते, पण एक बॅग मागे राहिली तर एकाजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काहीच उरत नाही.

तिसरी पायरी: खाऊ आणि पूजेचे साहित्य

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण घोळ बहुधा इथेच होतो, आणि मन मोडते तेही इथेच.

पहिले सुके खोबरे. खोबऱ्याच्या वाट्या घराघरांत इतक्या सहज बॅगेत पडतात की त्यावर बंदी असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण मोठे असते आणि बंदिस्त जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना स्वतःहून पेटणाऱ्या धोकादायक पदार्थांत होते आणि चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत, त्याला मनाई आहे. वाटणात भाजून गेलेल्या खोबऱ्यामुळे कोणाला अडवलेले मी पाहिलेले नाही. प्रश्न वाट्यांचा आणि किसाच्या पिशव्यांचा आहे. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलेच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या हंगामात त्यात तात्पुरती सूट द्यावी लागली होती, यावरून मूळ नियम किती पक्का आहे हे लक्षात येईल.

दुसरा कापूर. तो ज्वालाग्राही असल्यामुळे कोणत्याच बॅगेत ठेवू नये. काडेपेटी आणि लायटर यांनाही तोच नियम लावावा. गणपतीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी निरांजन, समई, घंटा ही पितळी भांडी चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्यावीत आणि कापूर तिथल्या भारतीय दुकानातून घ्यावा.

तिसरी खसखस, आणि हा मुद्दा आखाती देशांत किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी फार गंभीर आहे. खसखस अफूच्या बोंडातून येते; संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. आता आपला फराळ आठवून पाहावा. अनारशाची एक बाजू खसखशीत थापलेली असते, करंजीच्या सारणात ती भाजून घातलेली असते, आणि गोड्या मसाल्यातही बऱ्याच घरी पडते. दुबईला लेकीकडे निघालेल्या आईने अनारसे नेऊ नयेत आणि मसाला खसखशीविना करून घ्यावा, असे मी ठामपणे सांगेन. केवळ दुबईत विमान बदलून पुढे जाणाऱ्यांनीही हा धोका पत्करू नये.

अमेरिकेचे नियम वेगळ्या बाजूने कडक आहेत. भारतातून सामानात तांदूळ नेता येत नाही, कारण खाप्रा नावाच्या किड्याची त्यांना धास्ती आहे. तेव्हा गावाकडचा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी कितीही सुवासिक असला तरी घरीच ठेवावा. ताजा कढीपत्ता चालत नाही, कारण तो लिंबूवर्गीय झाडांच्या कुळातला आहे आणि त्याच्यासोबत त्या फळबागांना मारणारा रोग जाऊ शकतो. मे महिन्यात निघणाऱ्यांना हापूसची पेटी न्यावीशी वाटते, पण तीही चालत नाही. भारतीय आंबा २००७ पासून अमेरिकेत जातो तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरण प्रक्रिया होऊन, सरकारी प्रमाणपत्रासह. घरून बांधलेल्या पेटीला तो मार्ग नाही. मांसाचे पदार्थ आणि पेरायचे बियाणेही नेऊ नये.

युरोपीय संघाच्या देशांत आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, पनीर हे लंडनला किंवा फ्रँकफर्टला निघालेल्या बॅगेत नसावेत.

मग उरते काय? भरपूर उरते. चकली, शेव, भाजणी, मेतकूट, खसखस न घातलेला गोडा मसाला, कोरड्या चटण्या, पापड, कुरडया, बेसनाचे आणि रव्याचे लाडू हे अमेरिकेला व्यवस्थित जातात, मात्र ते उतरल्यावर जाहीर करावे लागतात. त्याबद्दल पुढे येईलच. जमेल तेवढे दुकानातले, घटकपदार्थ छापलेले बंद पाकीट न्यावे, आणि घरगुती डब्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मेतकूट म्हणजे काय हे कळण्याचे काही कारण नाही. त्याच्यासमोर ते फक्त पिवळे पीठ असते.

लोणचे, आणि जिथे चालते तिथे तूप, चेक-इन बॅगेतच ठेवावे. बरणी गळ्यापर्यंत भरू नये, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून ते घट्ट लावावे, झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवावी, आणि मग एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांच्या वेढ्यात उभी ठेवावी. विमान वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि तेल झिरपते. चिवड्याचे पाकीट फुग्यासारखे टरारते ते याच कारणाने. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधूनही वास सोडते, म्हणून ती साड्यांपासून लांब असावी.

चौथी पायरी: हातातली बॅग

साधारण ७ किलो वजनाची आणि ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरच्या आसपासची एक बॅग, आणि तिच्याबरोबर छोटी पर्स, एवढेच विमानात नेता येते. ही बॅग भरताना मुख्य बॅगा दोन दिवस मिळाल्याच नाहीत तर काय लागेल, याचा विचार करावा: एक कपड्यांचा जोड, चष्मा, स्वेटर, सारे दागिने, सारे कागद, आणि सर्वांत आधी औषधे.

औषधे संपूर्ण मुक्कामाची असली तरी किमान दहा-पंधरा दिवसांची हातातच ठेवावीत. ती गोळ्यांच्या मूळ पट्टीतच असावीत. आठवड्याच्या डबीत सुट्या करून नेऊ नयेत. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना औषधाच्या कंपनीच्या नावासोबत घटकाचे मूळ नावही लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथे कोणी ओळखत नाही. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीही ठेवू नये, सामानाच्या कप्प्यातील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. आखाती देशांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या खोकल्याच्या आणि वेदनाशामक औषधांवर कडक नियंत्रण आहे. अशी औषधे चालू असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थांच्या बाटल्या प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंतच, आणि त्या सर्व मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असा नियम आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, त्यानंतर तो जगभर आला. बाटली केवढी आहे हे पाहिले जाते, आत पदार्थ किती उरला आहे हे नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला उरलेले खोबरेल तेलही काढून ठेवले जाते. दही, चटणी, तूप, टूथपेस्ट आणि जेल हे सारे यातच मोडते. औषध आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना सूट असते, पण ते आपण होऊन दाखवावे. अमेरिकेला जाणाऱ्यांनी पिठांचीही काळजी घ्यावी: ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड केबिनमध्ये असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि ती काढूनही घेतली जाऊ शकते. मेतकूट आणि मसाले चेक-इन बॅगेतच बरे.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या यांचे उलटे आहे. त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये माणसे तो विझवू शकतात, सामानाच्या कप्प्यात कोणी नसते. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, आणि पॉवर बँकेवर सहसा मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असते, म्हणून हिशेब करावा: त्या आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागावे. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते आणि चालते; ३०,००० ची १११ भरते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या पुढे अजिबात नाही. छापील आकडा पुसट झालेली जुनी पॉवर बँक नेऊ नये. विमानात ती वापरायलाही २०२५ पासून अनेक कंपन्यांनी बंदी घातली आहे.

कात्री, सुरी, विळी आणि अडकित्ता चेक-इन बॅगेत. आजोबांच्या पानाच्या चंचीत अडकित्ता असतोच, तो निघण्याआधी आठवणीने काढून ठेवावा.

पाचवी पायरी: सुरक्षा तपासणीची रांग

आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे. पुण्याहून मुंबईला रस्त्याने जाणाऱ्यांनी घाटातल्या कोंडीसाठी आणखी दोन तास हाताशी ठेवावेत. चेक-इन बॅगा दिल्यावर त्यांचे टॅग, विशेषतः त्यावरचे अंतिम ठिकाण, वाचून घ्यावे आणि पावत्या पासपोर्टात ठेवाव्यात. बॅगा आत जाऊन यंत्रात तपासल्या जातात, आणि चुकून पॉवर बँक राहिली असेल तर आपल्याला परत बोलावले जाते, म्हणून कुलपाची किल्ली हातातच असावी.

सोन्याचे दागिने मोठ्या प्रमाणात नेऊन परत आणायचे असतील तर निघतानाच सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. परतीच्या वेळी तेच दागिने आपले होते हे सिद्ध करण्याचा तोच सोपा मार्ग आहे. भारतीय चलन २५,००० रुपयांपेक्षा जास्त नेता येत नाही.

रांगेत उभे असतानाच घड्याळ, पट्टा, नाणी, फोन आणि पाकीट काढून हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकावे, म्हणजे ट्रेपाशी धांदल होत नाही. लॅपटॉप, टॅबलेट, पॉवर बँक आणि चार्जर बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावे. पासपोर्ट मात्र ट्रेमध्ये मोकळा टाकू नये.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर अन्न, कागद, कापड यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात आणि धातू निळा. स्फोटकेही सेंद्रियच असल्यामुळे घट्ट वळलेल्या लाडवांचा गठ्ठा पडद्यावर संशयास्पद वाटतो, आणि स्टीलचा डबा तर गडद दिसून आतले काही दाखवतच नाही. म्हणून केबिनमध्ये खाऊ न्यायचा असेल तर तो पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, बॅगेत सर्वांत वर असावा. बॅग उघडायला सांगितली तर घाबरू नये. जवान रोज शेकडो डबे पाहतो, आणि झाकण काढून दाखवले की बहुतेकदा काम संपते.

महिलांची अंगझडती पडद्याआड महिला जवान घेते. मंगळसूत्र आणि बांगड्यांमुळे यंत्र वाजते, पण त्या काढून ट्रेमध्ये ठेवण्यापेक्षा अंगावरच असू द्याव्यात आणि विचारले तर दाखवाव्यात. पेसमेकर असेल तर यंत्रातून जाण्याआधी सांगावे आणि त्याचे कार्ड दाखवावे. हाताने तपासणी होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही आधीच सांगावे. चालण्याचा त्रास असेल तर तिकिटासोबतच व्हीलचेअर मागून ठेवावी. ती मागण्यात कमीपणा मानणारे अनेक बाबा मी पाहिले आहेत, आणि मधल्या विमानतळावर दोन किलोमीटर चालून थकलेलेही तेच.

सहावी पायरी: उतरल्यावर

अमेरिकेत पुढे दुसरे विमान असले तरी पहिल्या विमानतळावरच बॅगा पट्ट्यावरून उचलून, सीमाशुल्क ओलांडून, सहसा पुन्हा जमा कराव्या लागतात, मग त्यांच्यावर अंतिम शहराचा टॅग असला तरी. हे आई-बाबांच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. खाद्यपदार्थ आहेत का असे विचारले की सरळ हो म्हणावे. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती फार तर ठेवून घेतली जाते. लपवलेली सापडली तर दंड १०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. "काही नाही, फक्त कपडे" हे घाबरून दिलेले उत्तर सर्वांत महाग पडते.

बॅग आलीच नाही किंवा फुटून आली तर सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. मॉन्ट्रियल करार हा विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आहे; त्यानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करावी लागते. त्यासाठी घरून निघण्याआधीच दोन फोटो काढून ठेवावेत: एक बंद बॅगेचा, आणि एक उघड्या बॅगेचा, आतले सारे दिसेल असा.